होडीतलं टॉयलेट कोणासाठी?

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय.

आमच्या शिडाच्या छोट्या होडीसाठी पोर्टेबल टॉयलेट बघायला नवऱ्यासोबत रामदासपेठेतल्या सर्जिकलच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं वजन किती आहे, ताई?" म्हटलं, पेशंट नाही, मीच वापरणार, तलावावर. तरी त्याने उंच कमोडची खुर्चीच पुढे केली. त्यावर बसले तर शिडाचा आडवा दांडा थेट डोक्यात बसेल. मला बुटकं, घट्ट झाकणाचं हवं होतं.

नवरा म्हणाला, "दोन घंट्याचं तर काम राहते वं. मले काहून नाही लागत?"

कारण तो काठावरच्या झाडामागे जाऊन येतो. मी होडी काढायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही, या उन्हात.

आज तर फक्त दुकानात गेले होते. तरी पर्समधली पाण्याची बाटली भरलेलीच परत आली. तुमची रिकामी होते का?