शनिवारची अर्धी गोष्ट

“वाचा,” मुख्याध्यापक म्हणाले आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

त्यांच्या खोलीत लायब्ररीच्या मॅडम होत्या, सातवीतली एक मुलगी होती, तिचा बाप होता आणि मी. मी दोन ओळी वाचल्या. तिसरीत ‘क्षमायाचना’ आलं आणि मी थांबले. बोट ठेवून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबले.

“पाहा सर,” बाप म्हणाला. “यायले वाचताच येत नाही, अन् पोरायले गोष्टी वाचून दाखवून राहिल्या.”

मुख्याध्यापकांनी विचारलं, “मॅडम, तुम्हाला माहीत होतं?”

“नाही सर. मला वाटलं, मावशींना येतं.”

मॅडमना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शाळा सक्करदऱ्याची, पाचवी ते आठवी. मी तिथे झाडायची, पाणी भरायची. लायब्ररीत चार लोखंडी कपाटं होती आणि मुलं तिथे फक्त शिक्षा म्हणून बसायची. एका शनिवारी शेवटच्या तासाला पोरं आवरेनात. ओरडून ओरडून मॅडमचा घसा बसला. कपाटं पुसताना मी मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक वाचून काढलं होतं, त्यातली गोष्ट मी उभ्याउभ्या सांगायला लागले. वाघ विहिरीत पडला तिथे थांबले आणि बादली उचलली.

“पुढं काय झालं? सांगा ना जी मावशी!”

“पुस्तकात आहे. घ्या अन् वाचा.”

त्या एका पुस्तकासाठी पोरांची ओढाओढ झाली.

मॅडम हुशार. पुढच्या आठवड्यात दारावर फलक लागला, ‘अर्धी गोष्ट’. मी वाचायचं आणि ऐन मोक्यावर पुस्तक मिटायचं. ज्याला पुढचं हवं त्याने पाटीवर नाव लिहून नंबर लावायचा. कोणी आधीच शेवट फोडला तर त्याचं नाव पाटीवर सगळ्यांत खाली. कपाटं रिकामी व्हायला लागली.

मी मॅडमना तेव्हाच सांगितलं होतं, “आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. मले मोठी जोडाक्षरं अडतात.”

“अडलं की मनाने सांगा. पोरांना काय कळतं? तुमच्याशिवाय ती बसतात तरी का?”

मला हे ऐकून बरं वाटलं. ते कशाला लपवू?

तरी मी पुस्तक शुक्रवारी घरी नेऊन दोनदा वाचायची. हत्ती सांभाळणाऱ्या एका माहुताचं पुस्तक मात्र मॅडमनी ऐन शनिवारी हातात दिलं. पुस्तकात माहूत गुडघे टेकून मालकाची माफी मागतो. मला तो ‘क्षमायाचना’ शब्द लागला नाही. मग माझा माहूत ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “हत्ती तुमचा असंन, पण त्याले भूक लागली ते मलेच समजते.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेल्या मॅडमनीही वाजवल्या. पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं.

सातवीतल्या त्या मुलीचा पाटीवरचा नंबर आलाच नव्हता, पुस्तक तिने पाहिलंही नव्हतं. मॅडमनी तिला माहुताची गोष्ट सांगायला शाळाशाळांच्या कथाकथन स्पर्धेला पाठवलं. तिने सुरुवात माझी सांगितली, शेवट मैत्रिणीला विचारून सांगितला. परीक्षक पुस्तक उघडून बसले होते. हे यात नाही, म्हणाले आणि सगळ्यांसमोर तिला खाली बसवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी म्हटलं, “मॅडम, तुम्हीच तर म्हटलं होतं, मनाने सांगा.”

मॅडम मुख्याध्यापकांकडे पाहून बोलल्या. “सर, मी असं कशाला सांगेन?”

मुलीने मात्र माझ्याकडे पाहिलं. “मावशी, तुम्ही आम्हाला खोटं सांगत होत्या?”

“जे वाचता आलं ते पुस्तकातलं. बाकीचं माह्या मनचं.”

बापाने तिला नेलं. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, लायब्ररीत यायचं ते झाडण्यापुरतं, तेही शाळा सुटल्यावर.

बाहेर व्हरांड्यात मॅडम हळूच म्हणाल्या, “समजून घ्या मावशी. माझी नोकरी अजून पक्की नाही.”

“माही तर कच्चीही नाही,” मी म्हटलं. “उद्यापासून येऊ नको म्हटलं, की जावं लागंन मले.”

माणूस घाबरतं, हे मला समजतं. आपण सांगितलं ते काम दुसऱ्याने केलं आणि अंगाशी आल्यावर आपण त्याला ओळखही दाखवली नाही, हे मला समजत नाही. समजून घ्यायचंही नाही.

शनिवारचा तास चालू राहिला. आता मॅडम वाचतात, एक शब्द न चुकता. व्हरांडा पुसताना ऐकू येतं. सुरुवातीला दोनचार पोरं खिडकीशी येऊन विचारायची, “मावशी, तुम्ही काहून नाही येत?” मी त्यांना आत हाकलायची. ती मुलगी मला पाहिलं की जिना बदलायची. पुढे तिची आठवी झाली आणि ती गेली.

मॅडमची नोकरी पक्की झाली. भोगलं ते मी, त्या शाळेत झाडणाऱ्या चौथी शिकलेल्या बाईने.