भिवानं तोंड मिटलं

एकोणीसशे साठच्या आधीची ती वर्षं. कोळवणच्या खोऱ्यात कुणाचं पोर जेवेनासं झालं, की आई त्याला उचलायची आणि थेट गोजराबाईच्या मांडीवर आणून टाकायची. मग गोजराबाई पदर खोचायची, पोराला आडवं घ्यायची आणि कावळ्या-चिमण्यांच्या नावानं अशी काही बडबड सुरू करायची, की पोर ऐकता ऐकता आ वासायचं. तो आ मिटायच्या आत घास आत गेलेला असायचा.

ती हैबतरावांची थोरली बहीण. कोवळ्या वयात नवरा गेला आणि ती माहेरी परतली. घर भावाचं, भातखाचरं भावाची. तिचा स्वतःचा म्हणावा असा एक उजवा हात तेवढा होता. त्या हाताचा तिला गर्वही भारी. लहानपणी तिच्या हातून जेवलेल्या आणि आता चावडीसमोर मिशीला पीळ देत उभ्या असलेल्या एखाद्या गड्याला ती चारचौघांत विचारायची, "काय रं, आता तरी थुकत न्हाईस न्हवं?" गडी बिचारा पागोटं सावरत काढता पाय घ्यायचा.

आणि अशा बाईच्या घरात, तिच्या सख्ख्या भावाच्या नातवानं तोंड मिटलं.

नातवाचं नाव भिवाजी, घरात भिवा. त्याच्या आईला, म्हणजे हैबतरावांच्या सुनेला, चंद्राला, पुन्हा दिवस गेले होते. दूध आटत चाललं होतं आणि पोराला आता अन्नाची सवय लागायलाच हवी होती. गोजराबाईनं आंबेमोहराची मऊ पेज केली, भिवानं ती फुर्रकन बाहेर उडवली. नाचणीचं सत्त्व केलं, त्यानं वाटीच उलथली. गोजराबाईनं कावळा बोलावला, चिमणी बोलावली, शेवटी गोठ्यातली म्हैस दाखवली. भिवा म्हशीकडे बघून खुदखुदा हसला, पण घास जवळ येताच ओठ असे आवळले की आत नख शिरेना. मुगाचं कढण तर त्यानं आजोबांच्या धुतल्या धोतरावर शिंपडलं.

हैबतराव धोतर झटकत हसले. "आक्का, हात उतरला जणू तुजा!"

ते चेष्टेनं बोलले, पण गोजराबाईच्या काळजाला घरं पडली. गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? बाया आता पोरं घेऊन येतील त्या तिचं हसं करायला. आणि पोरं भरवायचीच थांबली, तर या घरात आपण नेमक्या कशासाठी आहोत, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

पण एक गोष्ट तिला खटकत होती. कार्टं वाळत कसं नाही? पेज नको, सत्त्व नको, आईला दूध नाही, आणि गाल मात्र टम्म! मग एके सकाळी ओढ्यावर भिवाची दुपटी धुताना तिनं एक दुपटं उन्हात धरून नीट न्याहाळलं. शेजारच्या बाईनं नाक मुरडलं, पण इतकी वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला त्यात जे दिसायचं ते दिसलं. हे नुसत्या दुधाचं काम नव्हतं. पोरगं कुठंतरी जेवत होतं, आणि चांगलं रग्गड जेवत होतं!

भिवा घराबाहेर जायचा तो फक्त आईच्या कडेवर, खालच्या खाचरात. तिथं खतासाठी मेंढरं बसवलेली होती. मेंढरंवाल्या धनगराला आणि त्याच्या बायकोला, बानूबाईला, रोजची भाकरी या घरातून जायची आणि ती चंद्रा नेऊन द्यायची.

दुसऱ्या दिवशी चंद्रा निघाली तशी गोजराबाई काटक्या वेचायचं निमित्त करून तिच्या मागं गेली आणि बांधावरच्या करवंदीच्या जाळीआड बसली. अंगाला काटे बोचत होते, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

चंद्रानं भिवाला लेंड्यांतच खाली बसवलं आणि ती लेंड्या पसरायला लागली. बानूबाईनं परातीत भाकरी कुस्करून त्यावर दूध ओतलं आणि कोकरांवर ओरडत ती खायला बसली. भिवाकडे तिचं लक्षही नव्हतं. भिवा रांगत आला. हळूच परातीत हात घातला.

"ए चोरा! माजं हाय ते!" बानूबाईनं त्याच्या हातावर हलकेच चापट मारली आणि पुन्हा कोकरांकडे वळली.

भिवा खिदळला, मूठभर काला उचलला आणि तोंडात कोंबला. मग दुसरी मूठ. मग तिसरी.

गोजराबाईला वाटलं, उठावं आणि त्या बानीच्या झिंज्या धराव्यात. पण परातीतली भाकरी तिनं स्वतःच पहाटे थापलेली होती. म्हणजे पोराला तिची भाकरी चालत होती, नको होता तो तिचा हात. हे कळलं आणि ती काट्यांतच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मेंढरांच्या धुळीवर ढकललं.

दोन दिवस ती भिवाच्या वाटेला गेली नाही. मग एका दुपारी तिनं थाळीत भाकरी कुस्करली, दूध ओतलं, थाळी जमिनीवर ठेवली आणि भिवाकडे चक्क पाठ करून बसली.

"ह्यातलं कुणाला कायबी मिळायचं न्हाई," तिनं भिंतीला सांगितलं.

मागून रांगण्याचा आवाज आला. थाळी हलली. तिनं न बघताच हात मागं नेऊन चापट मारली. "माजं हाय ते, चोरा!" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पोराच्या हातावर घासासाठी चापट मारली होती. भिवा मात्र खिदळला. मग मचमच सुरू झाली.

गोजराबाईची मान वळायला लागली आणि तिनं ती आवरली. वळली असती, तर ते तोंड पुन्हा मिटलं असतं. सबंध जन्म तिनं पोरं भरवली ती त्यांची तोंडं बघत. घास गिळल्यावर डोळे कसे मोठे होतात, हे बघण्यासाठी तर तो सगळा खटाटोप. आता नेमकं तेच बघायचं नव्हतं.

दारात चंद्रा येऊन थबकली होती. बानूबाईच्या परातीतली चोरी उघडी पडली हे ओळखून तिचा चेहरा पडला. "आत्याबाई, म्या सांगनार हुते, पर..."

"गप बस," गोजराबाई भिंतीकडे बघतच कुजबुजली. "तुला दिसतुया न्हवं हितनं? मग सांग की मला. कसा खातुया?"

"नाकाला लागलंय समदं," चंद्रा हळूच म्हणाली.

"आनि डोळं?"

"लई मोठं केल्यात, आत्याबाई."