खडीर बेटाचा तक्ता

यांना खडीर बेटावर जायचं होतं. चहूकडे कच्छच्या रणाचं मीठ आणि त्यात धोळावीराचं हजारो वर्षांपूर्वीचं पडकं शहर. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. आणि जायचं कधी ठरावं, तर हृदयात दोन स्टेंट बसल्यावर सहा महिन्यांनी.

मी फोनवर शोधलं. हृदयाचा दवाखाना थेट भूजला, बेटापासून काही तासांवर. आमच्या सुभानपुऱ्याच्या घरात हे टेबलावर तक्ता आखत बसायचे आणि मी पोळ्या लाटता लाटता भांडायचे.

"मुक्काम बेटावर नाही. भूजच्या बाजूला, खावड्याला. बेटावर सकाळी जायचं, उन्हाआधी परत."

"बरं. पहिल्या दिवशी धोळावीरा. दुसऱ्या दिवशी दगड झालेली झाडं. तिसऱ्या दिवशी डुंगर."

"डोंगर नाही."

"अगं, खालून बघू."

"खालूनही नाही."

डोंगर खोडला. पण शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी नंतर पाहिलं. यांची सगळी नोकरी वाघोडियाच्या कारखान्यात शिफ्टचे तक्ते करण्यात गेली. तिथे बदली माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय कुणी मशीन सोडायचं नाही. म्हणून आमच्या तक्त्यातही बदलीचा रकाना होता. त्यात यांनी लिहिलं होतं, गाडी चालवणार: मी. बदली: तू.

घडियाळी पोळ नावाच्या अरुंद गल्लीत एका ओट्याला गाडी घासली, त्यानंतर बारा वर्षं मी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. ड्रायव्हर करा म्हटलं, तर म्हणाले, "परक्यासमोर छातीत दुखतंय म्हणून मी सांगणार नाही. तुला माहीत आहे." खरंच होतं ते. मागच्या वेळी हा शहाणा माणूस पाहुण्यांसमोर दोन तास दुखणं गिळून, हसत चहा पीत बसला होता.

मग रोज सकाळी वाघोडिया रोडवर माझी शिकवणी. मी घाबरून तिसऱ्या गिअरमध्येच अडकायचे आणि हे वैतागायचे, "किती रडवशील बिचाऱ्या गाडीला, चौथा टाक." तिसऱ्या गिअरवर रडणाऱ्या इंजिनचा आवाज यांना शेजारी डुलकी लागली तरी सहन होत नसे.

तक्त्याप्रमाणे पहिल्या दिवशी धोळावीरा पाहिलं. दगडी हौदाच्या काठावर हे थांबले आणि पायऱ्या उतरलेच नाहीत. आयुष्यभर ज्याच्या गप्पा मारल्या, ते वरूनच पाहिलं. परतताना रणातल्या रस्त्यावर यांनी गाडी कडेला घेतली.

"बदली," एवढंच म्हणाले.

"दुखतंय?"

"दमलोय."

मी गाडी घेतली. दोन्हीकडे पांढरं मीठ, मागेपुढे चिटपाखरू नाही. हे मान मागे टाकून गप्प. छाती हलतेय का पाहायचं होतं, पण रस्त्यावरची नजर काढायची नाही, हे यांनीच शिकवलेलं. हाक मारवेना. ओ आली नाही तर मी काय करणार होते?

मी तिसराच गिअर ठेवला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन रडायला लागलं. मी वाट पाहत राहिले.

"चौथा टाक," हे डोळे मिटूनच म्हणाले.

टाकला. खावड्याचा मुक्काम आला, तो मागे टाकून मी गाडी सरळ भूजकडे नेली. हे नको म्हणाले नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.