फ्रेंच बाटलीवरचा पोळ्याचा रंग

नाशिकच्या स्टँडवरून दिंडोरीची एसटी सुटली तेव्हा माझी सिंधूमावशी नवी साडी नेसून खिडकीशी बसली होती. दिंडोरीजवळच्या एका फ्रेंच शॅम्पेनवाल्यांच्या तळघरात तिने नऊ वर्षं बाटल्या फिरवल्या. मशीन आलं आणि हिला घरी बसवलं. तिथल्या पुढच्या दालनात मजुरांना पाऊल टाकू देत नसत. ते दालन एकदा पाहुणी म्हणून बघायचं, एवढीच तिची हौस.

दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये ते टोलेजंग फाटक. पहारेकऱ्याने पिशवीतल्या दशम्या (दुधात मळलेल्या भाकऱ्या) काढून ठेवल्या. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. माझं डोकं तिथेच तापलं.

दालनाच्या भिंतभर घराण्याचा इतिहास. मूळ पुरुष, कारभार सांभाळणारी विधवा सून, लढाईतून वाचलेली तळघरं. मूळ पुरुषाच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याचंसुद्धा नाव छापलेलं: बाबेत. शेवटी काचेच्या पेटीत एक बाटली आणि खाली तिची पाटी.

"अशा बाटल्या उलट्या ठेवून रोज थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ मानेशी उतरतो," माहिती देणाऱ्या बाई सांगत होत्या. "किती फिरवली ते कळायला बुडाला ठिपका. ही संस्थापकांच्या काळातली, फ्रान्सहून आणलेली."

मावशी वाकून बघत राहिली. "ताई, ही माझी हाय."

बाई हसल्या.

"पांढरा रंग सरला व्हता. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतो ना, तो लाल रंग मी घरून आणला. अंगठ्यानं लावला." तिने अंगठा काचेला टेकवला. त्यावर विळ्याचा आडवा वण. ठिपक्यातही तीच आडवी रेघ.

"पाटी बदला," मी म्हणाले. "हिचं नाव लिहा."

"पाट्या फ्रान्सहून छापून येतात, मॅडम. चला, टेस्टिंग आहे."

अहो, अख्खी भिंत तुमची. एक ओळ दिली तर काय हात झिजणार होते? मी ग्लासला हात लावला नाही. मावशीने मात्र उजेडात धरून बघितला आणि घोट घेतला. "गाळ नाय राह्यला," एवढंच म्हणाली.

फाटकावरून परत घेतलेल्या दशम्या आम्ही परतीच्या एसटीत खाल्ल्या.

"त्या कुत्र्याचं नाव काय गं व्हतं?" मावशीने विचारलं.

"बाबेत," मी पटकन म्हणाले.

"पाठ झालं व्हय तुला," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

झालं पाठ, त्याचीच चीड अजून जात नाही. तिथे जाणारा प्रत्येक जण ते कुत्रं पाठ करून येणार. म्हणून इथे तरी लिहून ठेवते: त्या बाटलीवरचा ठिपका सिंधू बाबुराव ढगे हिचा आहे.