न सुटलेला दम

मंडळाचे चिटणीस परवा घरी येऊन गेले. आपल्या हुतूतू संघाचा इतिहास छापायचा आहे, तुम्ही पहिले कप्तान, तेव्हा मजकूर एकदा नजरेखालून घाला, असं म्हणून कागद ठेवून गेले. मी ते तीनदा वाचले. त्यात अर्धं पान माझ्यावर आहे. ते अर्धं पान खोटं आहे, आणि इतकी वर्षं ते मीच चालू दिलं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात संघ सुरू झाला, हे बरोबर लिहिलं आहे. भात कापून झालं की खाडीलगतची शेतं मोकळी पडत. आम्ही ढेकळं फोडून, पाणी मारून त्यातल्या एका शेताचं मैदान केलं आणि चुलीतल्या राखेने रेषा आखल्या. निम्मे गडी आमच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधले, निम्मे कोळीवाड्यातले. त्याआधी ही दोन्हीकडची मुलं एकत्र खेळल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे बनियन एका रंगाचे हवेत म्हणून ते कोळीवाड्यात, जाळी रंगवायच्या सालीच्या पाण्यात बुडवून तांबूस केले. घाम आला की त्यांना जाळ्यांचा वास सुटे. परगावचे लोक ओरडत, "धरा रे धरा, बांगडे आले!" आमचे गडी ओरडत, "धर की! काटा लागंल!"

मी कप्तान झालो, कारण मुलं मी जमवली होती आणि मी मास्तरांचा मुलगा होतो. वडिलांच्या शब्दावर बांधाचे तंटे मिटत. मास्तरांच्या घरात खोटं बोलत नाहीत, असं पंचक्रोशीत धरूनच चालत. खेळायचो मी बरा. बरा, एवढंच.

आमचा चढाईचा गडी कोळीवाड्यातला, माझ्याच वयाचा. त्याचे वडील खडकात अडकलेला होडीचा नांगर सोडवायला बुडी मारत. त्यांच्याबरोबर तोही मारायचा. त्याचा दम पाण्याखाली तयार झालेला होता. मधली रेषा ओलांडताना त्याने 'हुतूतू' धरलं की ते परत येईपर्यंत एका सुरात चाले. समोरचे सात जण घामेघूम होत आणि हा पाहुणा आल्यासारखा निवांत त्यांच्यात फिरे. मी रोज पहाटे विहिरीत उतरून, नाक धरून बुडून बसायचो. त्याच्या निम्मासुद्धा दम मला कधी साधला नाही.

वडील माझा खेळ बघायला येत नसत. एकदा मात्र मैदानाच्या कडेला छत्री टेकून उभे दिसले. मी लगेच चढाईला गेलो, दोन गडी मारून परत आलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते शेजारच्या माणसाला विचारत होते, "तो कोळ्याचा मुलगा कधी जाणार?"

त्या दिवसापासून मला त्याचं काहीच बघवेना. त्याचं हसणं, त्याने पाठीवर दिलेली थाप, काहीही. तो पडावा असं वाटायचं, आणि तो पडला तर आपला संघ हरेल हेही कळायचं.

चार-पाच वर्षांनी जत्रेच्या सामन्यांत आम्ही शेवटच्या लढतीत पोचलो. जत्रा खाडीपलीकडच्या गावात, समोर तिथलाच संघ. मुंबईच्या एका गिरणीतले दोघं जण लाँचने रेवसला उतरून आले होते. गिरणीचा स्वतःचा संघ होता आणि चांगला गडी मिळाला तर ते त्याला कामाला लावून घेत. ते कोणाला बघायला आले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामन्याआधी तो मला म्हणाला, "कप्तान, मना घेतला तर तुजा पन नाव सांगन तिकरं." तो हे मनापासून बोलला. मला ते भीक घातल्यासारखं लागलं.

शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. तो गेला. तिघांनी त्याला धरलं, एकाने घोट्याला, दोघांनी कमरेला. त्या तिघांना ओढत तो पालथा सरकत आला आणि त्याची बोटं राखेच्या रेषेवर आली. तिघं बाद, म्हणजे आम्ही एका गुणाने जिंकलो. पण गोंगाट इतका होता की शेवटी त्याचा दम चालू होता की नाही, ते पंचांना ऐकूच आलं नाही.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. पंचांना दम ऐकू आला नाही, तर रेषेजवळ असलेल्या आणि दोन्ही संघांचा विश्वास असलेल्या गड्याला विचारायचं. समोरचा कप्तान स्वतःच म्हणाला, "मास्तरांच्या मुलाला विचारा. तो सांगंल ते आमाला मान्य."

मी रेषेपासून हातभर अंतरावर उभा होतो. तोंडात माती जाऊन त्याचा आवाज बारीक झाला होता, पण 'तू तू तू' मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पंच म्हणाले, "बोला, काय झालं?"

मी म्हणालो, "दम सुटला."

पंचांनी त्याला बाद दिलं, आम्ही हरलो. मग समोरच्या संघाने मलाच खांद्यावर घेतलं. स्वतःचा संघ हरत असताना खरं बोलणारा कप्तान! घरी वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. गिरणीचे लोक "ऐन वेळी दम सोडतो" म्हणून परत गेले. पुढे मंडळाने खरेपणाचं पदक सुरू केलं. ते दरवर्षी माझ्या हातून देतात.

तो भांडला असता तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण परत येताना होडीत तो एवढंच म्हणाला, "कप्तान, मना वाटला मी बोलत व्हतो." मी होडीत साचलेलं पाणी उपसू लागलो. मग त्यानेच स्वतःची समजूत घातली, "सुटला असंल. तू कशाला खोटा बोलशील?"

त्याने माझ्या शब्दापुढे स्वतःच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही. पुढच्या हंगामात तो अर्ध्यातून परत फिरू लागला. दम सुटेल ही भीती त्याच्या छातीत बसली होती. दोन वर्षांत त्याने खेळ सोडला. त्यानंतर चढाईला मी जाऊ लागलो.

चिटणीस कागद ठेवून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं.  तो हसला.

"म्हातारपनी माजी समजूत काढाला आलास व्हय?"

"समजूत नाही. तुझा दम चालू होता. मी ऐकला होता."

"गप रं. नातवांना मी तीच गोष्ट सांगतो. सुटला तर सुटला म्हनावा, आपल्या कप्तानासारका." आणि त्याने आत बघून हाक मारली, "सूनबाय, चाय टाक. कप्तान आलाय."

मी चहा प्यायलो. तो शांत बसला होता, आणि त्याच्या त्या शांतपणाचाही मला हेवा वाटला. ही लाज मी इथेच लिहून टाकतो.

तोंडी सांगितलेलं तो मानत नाही. म्हणून चिटणीसांना विनंती आहे की माझ्यावरचं अर्धं पान काढावं, पदक बंद करावं आणि त्या जागी हे छापावं: शेवटच्या चढाईत आमच्या गड्याचा दम सुटला नव्हता. तीन गडी अंगावर घेऊन तो रेषेला पोचला होता. तो सामना आपल्या संघाने जिंकला होता आणि तो त्याने जिंकून दिला होता. कप्तान खोटं बोलला. छापून झाल्यावर पहिली प्रत त्याच्या नातवांना द्यावी, आणि ती त्यांनी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावी.