डावखुरं घर

“वस्तूला जोर लावावा लागला, की समजायचं, करणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं.”

हे बाबा इतक्यांदा म्हणायचे, की आई वाक्य अर्ध्यातच तोडायची. “आणि भांडी घासताना मला जोर लागतो, तेव्हा कुणाचं लक्ष दुसरीकडे असतं?” बाबा नुसते हसायचे. पुढच्या सुटीला सिंकपाशी पातेलं धरून ठेवणारा एक लोखंडी चिमटा बसलेला दिसायचा. त्याने भांडी लवकर घासली जात नसत, पण हातातून निसटतही नसत.

बाबा बिस्किटांच्या कारखान्यात फिटर होते. भट्टीतून बिस्किटं घेऊन बाहेर येणारा लांबच लांब पट्टा सरळ चालता ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या अंगाला मशीनचं तेल आणि भाजलेलं लोणी असा मिळून एक वास येई, आणि निवृत्तीनंतरही तो गेला नाही. माझ्या मुलीला वाटायचं, सगळ्याच आजोबांना असा वास येतो. एकदा ती शेजारच्या आजोबांना हुंगून आली आणि म्हणाली, “ते अजून कच्चे आहेत.”

बाबा गेले तेव्हा भेटायला येणारी माणसं रडायच्या तयारीने बसायची आणि बोलता बोलता हसायला लागायची. गल्लीतल्या शिंप्याने डोळे पुसत विचारलं, “आता माझं मशीन कुणाकडे न्यायचं?” मग स्वतःच ओशाळला. “म्हणजे, माणूस गेल्याचं दुःख आहेच हो.” आई म्हणाली, “ओशाळू नका. ते असते तर आधी मशीनचंच विचारलं असतं.”

थोड्याच दिवसांत स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि या घरात पहिल्यांदाच बाहेरचा प्लंबर आला. तो सिंकखाली आडवा झाला आणि बॅटरी मारून बघत राहिला. मग आतूनच म्हणाला, “इथे सायकलची ट्यूब आहे, औषधाच्या बाटलीचं बूच आहे, आणि हे... हे कोटाचं बटण आहे का?”

“माझ्या कोटाचं,” आई म्हणाली. “तरीच सापडत नव्हतं.”

प्लंबर बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “मी नुसता वायसर बदलतो. बाकीच्याला हात लावायची माझी छाती नाही.”

पण बाबा कसे होते ते सांगायचं, तर नळ पुरेसा नाही. आमचं घर डावखुरं झालं होतं, त्या वर्षाचं सांगायला हवं.

आईबाबा खाली राहायचे. वरच्या मजल्यावर मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. मुलगी सात वर्षांची होती आणि एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. जिन्यावरून चालत उतरणं तिला माहीतच नव्हतं. ती कठड्यावरून घसरत यायची. एकदा तिच्या हातात लाकडाचं कुसळ घुसलं, तर बाबांनी दोन दिवस बसून अख्खा कठडा घासला आणि त्यावर पॉलिश चढवलं. मग तो असा गुळगुळीत झाला, की भिंगरी खाली पोचली ती कठड्याच्या टोकाला थांबलीच नाही, थेट समोरच्या भिंतीवर गेली. उजवं कोपर मोडलं.

बाबांना कुणी एक अक्षर बोललं नाही. हॉस्पिटलातून परत आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, जिन्याखालच्या आपल्या कोंदट खोलीत गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आले. तिथून जे सुरू झालं, ते प्लास्टर निघेपर्यंत थांबलं नाही.

भिंगरीला डाव्या हाताने दार उघडता यावं म्हणून बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या या बाजूच्या त्या बाजूला नेल्या. बेसिनचा नळ सरकवला. कात्रीची पाती सोडवून उलटी जोडली. बरण्या भिंतीला पट्ट्यांनी जखडल्या, म्हणजे एका हाताने झाकण फिरवता येईल. तिच्या बुटांच्या नाड्या जाऊन तिथे अडकवायचे आकडे आले. कागद हलू नये म्हणून तिच्या टेबलाला चाप बसला. भिंगरी महाराणीसारखी घरभर फिरायची आणि एका डाव्या हाताने राज्य करायची.

बाकीच्यांचे हाल कुत्रं खाईना. माझा नवरा रोज सकाळी झोपेत स्वयंपाकघराच्या दाराला नेहमीच्या बाजूने ढकलायचा आणि कपाळ चोळत परत यायचा. “बाबा, मी या घरात कितीही वर्षं राहिलो तरी पाहुणाच आहे का?” बाबा म्हणायचे, “सवय होईल, जावईबापू.” आईने त्या कात्रीने एकदा कापड कापलं आणि कात्री बाबांपुढे आपटली. “त्या पोरीचा एक हात बांधलाय. तुम्ही आमचे दोन्ही बांधलेत.”

मग प्लास्टर निघालं. आतून हात निघाला. वाळक्या फांदीसारखा, पांढुरका, कोपरात वाकलेला. तो सरळ होईना.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. उंच, ठसठशीत, आवाज असा की जिन्यातून वर ऐकू यावा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आत्ता हा हात वापरला गेला नाही, तर असाच राहील. कायमचा. व्यायाम मी करून घेईन, पण माझा तो तासभर. बाकीच्या दिवसाचं तुम्ही बघा.” तेवढ्यात भिंगरीने डाव्या हाताने भिंतीवरची बरणी उघडली, डाव्या हाताने नळ सोडला, दार ढकललं आणि पसार झाली. उजवा हात पोटाशी धरलेला, जणू कुणी सांभाळायला दिलाय.

बाईंनी बरणी पाहिली, नळ पाहिला, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं.

“हे सगळं कुणी केलं?”

बाबांनी कॉलर नीट केली. “मी.”

“फार छान आहे. काढून टाका.”

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “बाईंना कामातलं काही कळत नाही.” आईने त्यांच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, “तुमचं घर झकास राहील. तिचा हात वाकडा राहील. बघा, काय पाहिजे ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बिजागऱ्या परत जुन्या जागी गेल्या. माझ्या नवऱ्याला तोवर नव्या दाराची सवय झाली होती, त्यामुळे त्याने पुन्हा कपाळ आपटून घेतलं.

पण बाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांना घरात अवघड वस्तू हव्या होत्या. उजव्या हाताने ओढावा लागेल असा घट्ट खण. हात ताणून खाली खेचावी लागेल अशी दोरी. बाबांनी निमूटपणे सगळं केलं. खणाला स्प्रिंग लावली, दोरीला वजन लावलं. बाई आल्या, त्यांनी करंगळीने खण ओढला आणि तो लोण्यासारखा बाहेर आला.

“आजोबा, ही स्प्रिंग कालपर्यंत घट्ट होती.”

“असेल.”

“आणि हे तेल?”

बाबांनी बोटं सदऱ्याला पुसली. पोरगी कण्हताना दिसली की त्यांचा हात आपोआप तेलाच्या कुपीकडे जायचा. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. घट्ट करायचे तेच, सैल करायचेही तेच. दोरीचं वजनही रोज थोडं थोडं झडत होतं. शेवटी आईने तेलाची कुपी जप्त करून आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवली. “माझ्या साड्यांना डाग पडले तरी चालतील,” ती म्हणाली. “कपाटाची किल्ली तेवढी मागू नका.”

बाबा त्या दिवसांत एकाएकी म्हातारे दिसू लागले. आयुष्यभर या माणसाने समोरच्याची वाट सोपी केली होती. प्रेम करायची त्यांना दुसरी रीत येत नव्हती, आणि आता तीच रीत पोरीच्या आड येत होती. कोपर महिनाभरात जेमतेम चार बोटंभर उघडलं होतं. बाई म्हणाल्या, “तिला रोज मनापासून हवं असेल असं काहीतरी पाहिजे. हात पूर्ण लांब केल्याशिवाय मिळणार नाही असं.”

भिंगरीला मनापासून काय हवं असतं, ते बाबांना ठाऊक होतं. जिन्याखालची त्यांची खोली. तिथल्या खोक्यात कारखान्यातल्या मोडक्या घड्याळांची चाकं होती, आणि ती दोघं मिळून त्यांची आपोआप चालणारी गाडी जोडत होती. बाबांनी त्या खोलीच्या दाराला नवी कडी केली. दार आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद, खोल खाच ठेवली आणि कडी खाचेच्या टोकाला. डावा हात घालायला जावं, तर भिंत आडवी यायची. उजवा जायचा, पण कोपर सरळ केल्याशिवाय बोटं पोचायची नाहीत. मी त्यांचं इतकं सफाईदार काम कधी पाहिलं नव्हतं. इतकं नावडतं कामही त्यांनी कधी केलं नसावं.

तो हात पुढे सरळ झाला. आज भिंगरी त्या हाताने बस चालवते. कडी तिने पहिल्याच दिवशी काढली की आठवड्याने, यावर आमच्या घरात अजून भांडण होतं. आई म्हणते आठवड्याने, भिंगरी म्हणते त्याच दुपारी. मला ती पहिली दुपार आठवते ती वेगळ्याच कारणाने.

मी जिन्यात बसले होते. बाबा समोर खुर्चीवर, हात मांड्यांखाली दाबून. भिंगरीने खाचेत हात घातला, ओठ चावला, बाहेर काढला. परत घातला. डोळ्यांत पाणी आलं, तरी हात आतच.

“आजोबा, निघत नाहीये.”

बाबांनी हात मांड्यांखाली आणखी आत सारले.

“बोटाच्या टोकाला लागतेय हो. तुम्ही जरासं दार ढकला ना. मी बाईंना सांगणार नाही.” मग आवाज खाली आणून, “आईलापण नाही.”

“मी इथेच बसलेय,” मी म्हटलं.

बाबा उठले. भिंगरीच्या तोंडावर एकदम उजेड आला, तिने एक पाय बाजूला घेऊन त्यांना जागाही करून दिली. ते दारापाशी आले. त्यांचा हात वर गेला, दाराच्या फळीवर तळवा टेकला. त्यांनी नुसतं अंगठ्याने दाबलं असतं तरी कडी तिच्या बोटांत आली असती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ते तिच्याकडे बघत तसेच उभे राहिले. मग त्यांनी तळवा उचलला, तिच्या डोक्यावरून एकदा फिरवला, पायांत चपला सरकवल्या आणि ते घराबाहेर निघून गेले.