कॉलरमध्ये दोन बोटं

अमेरिकेत ॲन आर्बरला राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी आमचं दार वाजवलं, ते भांडायला. मी वरणाला फोडणी दिली होती. लाल मिरचीचा खकाणा भिंतीपलीकडे पोचला आणि ते गळ्याशी मफलर घट्ट धरून दारात उभे राहिले. ऐंशीला टेकलेले, ताठ, पांढरी दाढी नीट कोरलेली. म्हणाले, "मॅडम, तुमचा स्वयंपाक माझा जीव घेणार." मी नागपूरची, ऐकून घेणं मला जमत नाही. म्हटलं, "आमच्याकडे ह्याच फोडणीवर माणसं जगतात." ते हसले आणि हसता हसता इतके खोकले की मलाच पाणी आणून द्यावं लागलं. आमची ओळख झाली ती अशी.

ते फ्रेंच होते आणि ऑपेरातले टेनर होते. टेनर म्हणजे पुरुषांमधला उंच पट्टीचा आवाज. नायकाचं काम बहुधा त्यालाच मिळतं. "प्रेम करायचं, फसायचं आणि मरायचं, आणि सगळं वरच्या सुरात," असं ते सांगायचे. मी लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा देऊन क्लास सोडलेली. तरी रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा रियाज सुरू झाला की हातातलं काम थांबायचं. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. माझं काम घरूनच, लॅपटॉपवर. दुपारी थोडी सवड असायची. त्यामुळे त्यांना नेण्या-आणण्याचं काम कधी माझ्याकडे आलं ते कळलंच नाही. नवरा म्हणायचा, "यार, त्यांना जरा स्पेस दे." पण मी कुणाला स्पेस दिली आहे!

त्यांचं आयुष्य मला कळलं ते गाडीतच. जन्म उत्तर फ्रान्समधल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावातला. वडील सायकली दुरुस्त करायचे. चर्चमध्ये गाताना कुणीतरी ऐकलं आणि पॅरिसला शिकायला पाठवलं. सुरुवातीला कामं मिळाली ती नोकराची; तबक घेऊन यायचं, "बग्गी तयार आहे" एवढं गायचं आणि आत जायचं. मग एका लहान थिएटरात पहिलं नायकाचं काम मिळालं, आणि तिथेच बायको भेटली. ती कपडेपटात शिवणकाम करायची. त्यांच्या कॉलरचं माप घेताना तिने कॉलर आणि गळा यांच्यामध्ये आपली दोन बोटं घातली आणि म्हणाली, "गा आता." वरचा सूर लागताना गळा फुगतो. बोटं आवळली गेली तर कॉलर उसवायची, हा तिचा हिशेब. त्यांनी सूर लावला. तिने तिथल्या तिथे कॉलर उसवली. पुढे लग्न झाल्यावरही प्रत्येक प्रयोगाआधी, विंगेत, ती दोन बोटं घालून पाहायचीच.

मग एकदा न्यूयॉर्कला कुणी गायक आजारी पडला म्हणून यांना तातडीने बोलावलं. अंगात दुसऱ्याचे कपडे, रंगमंचाची ओळख नाही. तिने दुपारभर बसून ते कपडे उसवून पुन्हा शिवले. त्या प्रयोगानंतर अमेरिकेची दारं उघडली. कितीतरी वर्षं दोघं शहरामागून शहर फिरले. त्यांची गाण्याची रीत जुनी फ्रेंच. वरचा सूर फेकायचा नाही, फुंकर घातल्यासारखा हलका लावायचा. पुढे थिएटरं मोठी झाली, लोकांना दणका हवासा झाला आणि कामं आटली. मग इथल्या विद्यापीठात शिकवायला आले आणि इथलेच झाले. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसायचा. मलाच राग यायचा.

एक गोष्ट मात्र ते खिडकीबाहेर बघत सांगायचे. प्रयोगाच्या दिवशी ते बोलायचे नाहीत. सकाळपासून पडदा उघडेपर्यंत एक शब्द नाही. असं बरेच गायक करतात म्हणे, पण यांनी त्याचं व्रतच करून टाकलं होतं. घरात तीही गप्प. त्यांना काय हवं ते डोळ्यांवरून ओळखायची आणि फोन आला तर बाहेर जाऊन बोलायची. "लोकांना तिकिटाच्या पैशात तुझा आवाज मिळतो, मला मात्र मुका नवरा मिळाला," असं ती म्हणायची. मूल नव्हतं. ती चिडत नसे, पण एकटी पडत असणार, हे त्यांना फार उशिरा कळलं. मला हे सांगेपर्यंत ती त्याबद्दल बोलण्यापलीकडे गेली होती.

कारण आता ती गावाबाहेरच्या एका मेमरी केअरमध्ये होती. स्मरणशक्ती गेलेल्यांना सांभाळणारी ती जागा. तिचं इंग्लिश पुसलं गेलं होतं, उरलं होतं फक्त फ्रेंच. नवऱ्याचा चेहरा ती ओळखत नव्हती. ते समोर जाऊन बसले तर "मस्यू" म्हणायची, म्हणजे 'महाशय', परक्या माणसाला म्हणतात तसं. पण त्यांनी दारातूनच तिला तिच्या लाडक्या नावाने हाक मारली की तिची मान वळायची आणि चेहरा उजळायचा. मी हे कितीदा पाहिलं. ती आवाजाला ओळखत होती, माणसाला नाही.

गेल्या वर्षी तो आवाज बसला. मी ज्येष्ठमध दिला, हळद-दूध दिलं, आणि शेवटी दरडावून डॉक्टरकडे नेलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, थांबण्यात धोका आहे. नंतर काही आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. आणि आवाज येईल तो पूर्वीचा असेलच असं नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसून ते म्हणाले, "मी करणार नाही."

माझा पारा चढला. जीव महत्त्वाचा की आवाज, या वयात कुठे गायचंय तुम्हाला, असं बरंच बोलले. मागे माझी मुलगी बसली होती, ती म्हणाली, "आई, यू आर शाउटिंग." ते माझं सगळं संपेपर्यंत थांबले. मग त्या बसक्या आवाजात म्हणाले, "जीव वाचेल, मॅडम. पण मग तिच्या खोलीत जाईल तो कोण?"

मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली. ऑपरेशनच्या आधीच त्यांची हाक फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची, आणि मौनाच्या दिवसांत ते दारात उभे राहतील तेव्हा मी वाजवायची. ते नाराजीने तयार झाले. आवाज बराच बसलेला, तरी ती हाक त्यातल्या त्यात नीट आली. त्यांनी ती परत परत ऐकली आणि ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशननंतर आम्ही पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते. त्यांनी मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. दारात उभे राहून त्यांनी मला मान डोलावून खूण केली. मी फोन पुढे धरून हाक वाजवली.

तिने मान वळवली. पण बघितलं फोनकडे. उठून आली, फोन हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तो माणूस त्या डबीत कुठे बसलाय ते शोधत होती. सापडेना तेव्हा तिचे ओठ थरथरायला लागले. मी घाबरले, आणि घाबरले की माझा आवाज चढतो. मी मोठमोठ्याने सांगायला लागले, "हे बघा, हे इथे आहेत, हे काय, इथे!" आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना पुढे ढकललं.

ते तिच्यासमोर उभे राहिले. बोलता येत नव्हतं. एक हात आपोआप गळ्याशी गेला आणि डोळे खाली झुकले. माझी युक्ती पार फसली होती, आणि मला स्वतःची लाज वाटली.

तिने फोन कॉटवर ठेवला. त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. चूप. अगदी कडक नजरेने. मी गप्प झाले. ती त्यांच्या जवळ गेली, मफलरची गाठ सोडली, मफलर नीट सारखा केला, पुन्हा बांधला. मग मफलर आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं घातली आणि तपासून पाहिलं. फ्रेंचमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलली, एकदा मला, एकदा त्यांना.

गाडीत येऊन बसल्यावर त्यांनी फोनवर टाइप करून मला दाखवलं: "तुम्हाला म्हणाली, याच्याशी कुणी बोलू नका, आज याचा प्रयोग आहे." ते रडत होते. रडतानाही आवाज करायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून नुसते खांदे हलत होते. मीही रडले, पण मला ताकीद नव्हती.

मौनाचे आठवडे संपले. तपासणीत सगळं ठीक निघालं. आवाज आला तो जाड, खालच्या पट्टीतला, मधेच फाटणारा. मला तो ऐकून आनंद झाला आणि मी शिरा केला. त्या आवाजात त्यांनी तिला हाक मारली तेव्हा ती सभ्यपणे म्हणाली, "बसा मस्यू, माझे मिस्टर येतीलच एवढ्यात."

त्यानंतर ते तिथे कधी बोलले नाहीत. अजूनही आम्ही जातो. गाडीत ते माझ्याशी सारखे बोलतात. माझ्या फोडणीवर, माझ्या ड्रायव्हिंगवर, हल्लीच्या गायकांच्या ओरडण्यावर. पार्किंगमध्ये गाडी थांबली की शेवटचं वाक्य पुरं करतात, मफलर गुंडाळतात आणि तोंड मिटतात. आत ती त्यांना लगेच ओळखते. मफलर सोडते, बांधते, दोन बोटं घालून बघते. मी दारापाशी गप्प उभी राहते.

ती त्यांना त्या पहिल्या दिवशी काय म्हणाली होती, ते मी खूप दिवसांनी विचारलं. विंगेतून पाठवताना जे म्हणायची तेच, ते म्हणाले: "जा आता, मी इथेच आहे." आयुष्यभर ती हे म्हणाली की ते जायचे. आजही ती रोज म्हणते. ते खुर्ची ओढतात आणि तिच्याजवळ बसून राहतात.